पी की कास्तेलार: आधी कोणाला वाचावं?

१८६८ च्या क्रांतीत राणी इसाबेल दुसरीला देश सोडावा लागला आणि स्पेनमध्ये संघराज्यवादी रिपब्लिकन पक्ष उभा राहिला: राजा नको, प्रांतांचं संघराज्य हवं म्हणणारा. त्याचा इतिहास समजून घ्यायचा तर कुणाचं बोट धरावं? मोठी नावं दोन: बार्सिलोनाचे फ्रान्सेस्क पी इ मार्गाल आणि काडिझचे एमिलिओ कास्तेलार. पहिलं प्रजासत्ताक फेब्रुवारी १८७३ मध्ये आलं, पुढच्या जानेवारीत कोलमडलं. तेवढ्यात चार अध्यक्ष झाले, त्यात हे दोघेही.

कास्तेलार वाचायला सोपे. हाडाचे वक्ते, धर्मस्वातंत्र्यावरचं १८६९ चं भाषण आजही मासला म्हणून दाखवतात. पण सत्तेवर येताच त्यांना संघराज्यापेक्षा शिस्त जवळची वाटली. कोर्तेसचं, म्हणजे संसदेचं, कामकाज थांबवून त्यांनी सैन्यावर भिस्त ठेवली. ३ जानेवारी १८७४ ला पहाटे कोर्तेसने त्यांच्यावरचा विश्वास नाकारला, आणि लगेच जनरल पाविया यांचे शिपाई सभागृहात शिरले. पुढे कास्तेलार संघराज्यवाद सोडून राजेशाहीशी जुळवून घेत गेले. त्यांच्यामागे जाल तर पक्षाची गोष्ट मध्येच सुटते.

पी कोरडे. फ्रेंच अराज्यवादी विचारवंत प्रूधोंचे अनुवादक, आणि लिहिणंही तसंच, काटेकोर. त्यांचं म्हणणं असं की देश वरून बांधायचा नाही. आधी माणसं, मग गावं, मग प्रांत, असे खालून करार होत जावेत. गंमत अशी, की ११ जून १८७३ ला अध्यक्ष झाल्यावर तेच म्हणू लागले, आधी कोर्तेसला राज्यघटना करू द्या. अनुयायांनी ऐकलं नाही. १२ जुलैला कार्ताहेना बंदराने स्वतःला स्वतंत्र कँटन, म्हणजे स्वतःचा कारभार स्वतः पाहणारा प्रदेश, जाहीर केलं. गालेरास किल्ल्यावर चढवायला लाल झेंडा मिळेना. तेव्हा तुर्की झेंडा चढवला आणि त्यावरची चंद्रकोर एकाने स्वतःच्या रक्ताने झाकली, असं सांगतात. वेढ्यात त्यांनी चांदीची नाणीसुद्धा पाडली, त्यांवर अक्षरं होती: ‘केंद्रवाद्यांच्या वेढ्यातलं कार्ताहेना’. आपल्याच पुस्तकांनी तापलेल्या पोरांवर तोफा डागायच्या की खुर्ची सोडायची, या पेचात पींनी १८ जुलैला राजीनामा दिला. त्यांच्यानंतरचे साल्मेरोन यांनी फाशीच्या हुकमांवर सही करायची नाही म्हणून दीड महिन्यातच पद सोडलं, तेही इथे विसरू नये.

क्यूबा आणि पोर्तो रिको या वसाहती धरून १७ राज्यांचा घटनेचा मसुदा याच जुलैत आला, आणि तो मुख्यतः कास्तेलार यांच्या हातचा! म्हणून कास्तेलारना पूर्ण वगळता येत नाही. तरी निवड करायचीच तर मी पी म्हणेन. सुरुवात मात्र त्यांच्या १८७७ च्या ‘लास नासियोनालिदादेस’ (राष्ट्रीयत्वं) या पुस्तकाने करू नका, नवखा त्यात दमेल. आधी त्यांचे सत्तेतले पाच आठवडे कार्ताहेनाशेजारी ठेवून वाचा. मग स्पेनच्या क्यूबातल्या युद्धाला त्यांनी म्हातारपणी केलेला विरोध. पक्ष तोवर लहान होत गेला होता, पी १९०१ पर्यंत त्यातच राहिले.