एका शब्दासाठी पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत

पाटोवरची कृष्णदास शामा लायब्ररी, पाचपैकी पाच स्टार, का ते सांगते. मी म्हापशाला एका वकिलांकडे टायपिंग आणि भाषांतराचं काम करते. परवा पोर्तुगीज काळातला एक जुना दावा आला, त्यात एक वकील समोरच्या वकिलाला सारखा 'इलुश्त्र कोलेगा' म्हणतो. मी 'सन्माननीय सहकारी' टाइप केलं तर सर म्हणाले, अगं तो विरोधात उभा आहे, सहकारी कसा होईल? मोबाइलवरच्या अ‍ॅपनं तर चक्क 'मित्र' दिलं.

मग कदंबाची बस धरून पणजी, स्टँडवरून चालतच जाता येतं. लायब्ररी १८३२ सालची, पोर्तुगिजांनीच सुरू केलेली, त्यामुळे जुने पोर्तुगीज ग्रंथ इथे मिळणार ही खात्री होती. काउंटरवरच्या बाईंनी काय हवंय ते नीट ऐकून घेतलं आणि एक जाडजूड शब्दकोश टेबलावर आणून ठेवला, पानं पिवळी पडलेली, हळू उलटा म्हणाल्या. कोलेगा आला लॅटिनमधून, दुसऱ्याच्या जोडीनं नेमलेला तो कोलेगा. कॉलेज शब्दही त्यातलाच. रोममध्ये दरवर्षी दोन कॉन्सल निवडायचे, ते एकमेकांचे कोलेगा, आणि एकाचा निर्णय दुसरा अडवू शकायचा! म्हणजे पद एक, मान सारखा, पण बाजू एक असलीच पाहिजे असं काही नाही. वाचताना अंगावर काटा आला, कारण आमचे दोन वकील अगदी तसेच की.

बाई म्हणाल्या, 'कोन्फ्राद' पण बघा, एकाच पेशातल्या माणसासाठीचा दुसरा पोर्तुगीज शब्द. फ्रेंच डॉक्टर-वकील एकमेकांना कॉन्फ्रेर म्हणतात ना, तो याचाच भाऊ. त्यातलं फ्रातेर म्हणजे लॅटिनमधला भाऊ, आणि फ्रातेर, संस्कृत भ्रातृ, आपला भाऊ, सगळे एकाच मुळाचे. आमच्याकडे फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, इगर्जीत पांढऱ्या झग्यावर लाल खांदेपट्टा घालून जी कॉन्फ्रारियाची, म्हणजे चर्चच्या बंधुमंडळाची, माणसं चालतात त्यांचं नावही याच शब्दातलं, लहानपणापासून बघतेय पण कधी डोक्यात आलं नव्हतं.

शेवटी 'सन्माननीय व्यवसायबंधू' लिहिलं. बंधूचं मूळ वेगळं, बंध् म्हणजे बांधणे, पण एकाच पेशानं बांधलेले ते दोघे, म्हणून मला तो चपखल वाटला आणि सरांनीही लगेच पास केला.

संदर्भाचे ग्रंथ घरी नेता येत नाहीत, तेव्हा वही-पेन घेऊन सकाळीच जा आणि काय शोधताय ते काउंटरवर मोकळेपणानं सांगा, ती माणसं खरंच मनापासून शोधून देतात.