घरचा असेंबल्ड पीसी, पंधरा महिन्यांनंतर: सतत बंद का पडायचा आणि कारण कसं सापडलं

गेल्या वर्षी पाडव्याला हा पीसी जोडून घेतला. रायझेन ५ ५६००जी प्रोसेसर, आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी), फाइली साठवायला ५०० जीबीची एनव्हीएमई ड्राइव्ह, ४५० वॅटचा एसएमपीएस (पीसीच्या भागांना वीज पुरवणारा डबा). वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतलं नाही. मी रत्नागिरीत घरून डीटीपीची कामं करते: लग्नपत्रिका, हँडबिलं, अधूनमधून एखादं पुस्तक आणि पावसाळा सरत आला की दिवाळी अंक. या कामाला हे मशीन पुरून उरतं. दीडशे पानांची फाइल उघडी असली तरी अडखळत नाही, पंख्याचा आवाज जवळजवळ नाही. पहिले चार महिने तक्रारीला जागाच नव्हती.

ऑगस्टमध्ये पहिली ब्लू स्क्रीन आली, म्हणजे विंडोज कोसळताना येते ती निळी स्क्रीन. मग आठवड्यातून एकदा, मग दोन दिवसाआड. ज्यांच्याकडून जोडून घेतला त्यांनी दोनदा फॉरमॅट मारून, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकून दिला. दोन्ही वेळा चार-सहा दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी विंडोज टाकतानाच मध्ये एकदा एरर आली होती, पण पुन्हा सुरू केल्यावर पुढे गेलं म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. खरं तर तिथेच थांबून विचार करायला हवा होता. कोरी विंडोजसुद्धा नीट बसत नसेल तर दोष विंडोजमध्ये शोधून काय मिळणार?

पुण्याला असतो त्या भाच्याला फोन केला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "मावशी, स्क्रीनवर काय लिहिलं होतं?"

"वाचायच्या आत रीस्टार्ट होतो रे."

त्याने आधी ते बंद करायला लावलं. ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्जमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' आहे, त्यात आपोआप रीस्टार्ट होण्याची खूण काढून टाकायची. मग स्क्रीन तशीच थांबून राहते आणि खालचा स्टॉप कोड, म्हणजे बिघाडाचं नाव, सावकाश उतरवून घेता येतो. एक दोनशेपानी वही केली. तारीख, वेळ, काय काम चालू होतं, मशीन किती वेळ चालू होतं, स्टॉप कोड. तीन आठवड्यांत नऊ नोंदी झाल्या.

या वहीने जे दाखवलं ते दोन फॉरमॅटनी दाखवलं नव्हतं. कोड दर वेळी निराळा. एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, एकदा पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. भाच्याचं म्हणणं असं की पुन्हा पुन्हा एकच कोड आणि त्यात एकाच ड्रायव्हरचं (एखादा भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) नाव येत असेल तर त्या ड्रायव्हरवर संशय घ्यावा. कोड असे भरकटत असतील तर पहिला संशय रॅमवर. दुसरी गोष्ट, नऊपैकी सात नोंदी मशीन दोन तासांहून जास्त चालल्यानंतरच्या होत्या. म्हणजे गरम झाल्यावर. दुकानात मशीन नेलं की ते थंड असायचं, दहा मिनिटं चालवून बघायचे आणि "यात काही नाही ताई" म्हणून परत द्यायचे. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्यासमोर तो बिघाड होतच नव्हता.

मधूनच स्क्रीनवर आडव्या रंगीत रेघा यायच्या, म्हणून मी डिस्प्ले ड्रायव्हर तीनदा बदलला होता. पण या प्रोसेसरचं ग्राफिक्स त्याच्या आतच असतं आणि ते मेमरी आपल्या रॅममधूनच घेतं. रॅम खराब असली की चित्रही फाटतं, हे तेव्हा कळलं.

विंडोजमधली मेमरीची तपासणी चालवली, तिला काही सापडलं नाही. मग पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासायचा प्रोग्रॅम टाकून त्यावरून मशीन सुरू केलं आणि रात्रभर चालू ठेवलं. पहाटे साडेपाचला उठून बघितलं तर स्क्रीनभर एररच्या ओळी. इतके दिवस जे कोणालाच दिसत नव्हतं ते समोर लिहिलेलं होतं. मला खरोखर हायसं वाटलं.

पुढचं काम धीराचं. प्लग काढायचा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज उतरवायची, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा आणि मग रॅम काढायची. सोनेरी पट्टीवर काळसर डाग होते, आमच्याकडच्या दमट हवेत ते पडतातच. पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसले, भुगा ब्रशने झाडला. परत बसवताना दोन्ही टोकांना टक् असा आवाज यायला हवा. एकाच बाजूला आला तर रॅम तिरकी बसली आहे. नुसतं पुसून भागतं का ते पाहिलं, नाही भागलं. मग एका वेळी एकच रॅम, एकाच स्लॉटमध्ये, रात्रभर. पहिली स्वच्छ. दुसरीवर एरर. दुसरी दुसऱ्या स्लॉटमध्ये घातली, तरी एरर. म्हणजे स्लॉट निर्दोष. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम वाढीव वेगावर चालवायची सोय, बंद करून ३२०० ऐवजी कमी वेगावर चालवली तेव्हा एरर खूप कमी झाल्या, पण शून्य झाल्या नाहीत. तेवढ्यावर भागवून नेणं मला पटलं नाही.

कारण क्रॅशपेक्षा मोठं नुकसान गुपचूप चालू होतं. खराब रॅममधून जाताना फाइल बिघडते आणि बिघडलेलीच सेव्ह होते. एका दिवाळी अंकाची झिप फाइल बॅकअपला कॉपी केली, ती उघडेचना. दोन कथांची जुळणी आणि शुद्धलेखन संपादकांच्या जुन्या प्रिंटवरून पुन्हा करावं लागलं. तुमच्या मशीनमध्ये रॅमची शंका असेल तर ती फिटेपर्यंत त्यावरून बॅकअप घेऊ नका, निदान जुना बॅकअप पुसून नवा तरी ठेवू नका.

रॅमवर वॉरंटी होती. बिल आणि सीरियल नंबरचा स्टिकर शाबूत होता म्हणून सर्व्हिस सेंटरने बदलून दिली, अठरा दिवस लागले. तोवर एकाच रॅमवर काम केलं. ऑक्टोबरपासून एकही ब्लू स्क्रीन नाही.

या जूनमध्ये मात्र मशीन पुन्हा बंद पडायला लागलं. या वेळी निळं काही नाही, बटण बंद केल्यासारखं एकदम काळं आणि मग आपोआप सुरू. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर ४१ (मशीन नीट बंद न होता सुरू झाल्याची नोंद), आणि त्याच्या तपशिलात बगचेक कोड, म्हणजे तोच स्टॉप कोड, शून्य. म्हणजे विंडोजला काही लिहून ठेवायलाही वेळ मिळाला नव्हता. याला रॅम पुसून उपयोग नाही, इथे वीजच तुटते आहे.

वही पुन्हा काढली. सहापैकी चार वेळा बाहेर विहिरीचा पंप सुरू झाला होता, दोनदा लाईट डोळा मिटल्यासारखी जाऊन आली होती. पीसी घरच्या इन्व्हर्टरवर आहे, म्हणून मी निश्चिंत होते. पण इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा स्विच असतो: नॉर्मल आणि यूपीएस. आमचा नॉर्मलवर होता. त्या मोडमध्ये इन्व्हर्टर बराच पडलेला व्होल्टेजही तसाच पुढे जाऊ देतो आणि बॅटरीवर जायला वेळ घेतो. पंखा-दिव्यांना ते चालतं. पण पूर्ण लोडवर एसएमपीएस विजेविना जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, आणि आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे तेवढी वीज तुटली तरी मशीन बंद पडू शकतं. स्विच यूपीएसवर केला, एक पैसाही खर्च झाला नाही. नंतर पंप किती वेळा लागला आणि लाईट किती वेळा गेली, मशीन हललेलं नाही.

मशीनबद्दल विचाराल तर हेच पुन्हा घेईन. फक्त घेतल्या दिवशीच मेमटेस्टची एक रात्र लावीन आणि बिलाचा फोटो काढून ठेवीन. यंदाच्या अंकाची पहिली पानं ऑगस्टमध्ये येतील. त्याआधी पीसीसाठी वेगळा छोटा यूपीएस घ्यायचा आहे, इन्व्हर्टरची बॅटरी आता पाच वर्षांची झाली.