हेडफोन जॅक नसलेले सहा टॅब: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

काल तिसऱ्यांदा चांदसैली घाट उतरून सर्व्हिस सेंटरला जाऊन आलो. डोकं अजून तापलेलं आहे, तरी जे लिहितोय ते नऊ महिने रोज वापरून लिहितोय.

आमची शाळा धडगाव तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. जूनमध्ये सहा टॅब घेतले. आम्ही दोघा शिक्षकांनी मिळून वीस हजार घातले, बाकी लोकवर्गणी. मजुरीला जाणाऱ्या बापाने शंभराची नोट काढून दिली आहे, म्हणून जीव तुटतो.

स्क्रीन, बॅटरी, स्पीड सगळं ठीक. ‘दीक्षा’ या सरकारी ॲपवरचे पाठ एकदा रेंजमध्ये जाऊन उतरवून ठेवले की नेटशिवाय चालतात. जुलैत मला कोणी विचारलं असतं तर ‘डोळे झाकून घ्या’ म्हटलं असतं. काहींना तसं सांगितलंही. तो सल्ला आता मागे घेतो.

कारण एकच. या टॅबला हेडफोनचा जॅक नाही. एकच सी-टाइप पोर्ट, त्यातच चार्जिंग, त्यातच हेडफोन. एवढ्याशा गोष्टीसाठी इतका त्रागा कशाला, असं आमच्या केंद्रातल्या एका सरांनी विचारलं. त्यांना वर्गात आणून बसवायला हवं होतं.

आम्ही गट इयत्तेने पाडत नाही, स्तराने पाडतो: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने रुजवलेली पद्धत आहे, त्यांच्याच ‘असर’ सर्वेक्षणातल्या वाचन चाचणीच्या पायऱ्याही याच. गोष्ट गटातलं पोर टॅबचा आवाज बंद असला तरी वाचून पुढे जातं. अक्षर गटातल्या पोराचं सगळं शिकणं कानावर. त्यात आमची मुलं घरी पावरी बोलतात. मराठी शब्द नीट ऐकू आला नाही तर अंदाजाने जुळवायला त्यांच्याकडे काही नसतं. म्हणजे जॅक नसल्याचा फटका बरोबर सगळ्यात मागे असलेल्या मुलांनाच बसतो. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानात २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे असं ठरलं आहे. ‘प्रत्येक’ या शब्दात ही मुलं पहिली येतात.

ऑगस्टमधली एक दुपार. पत्र्यावर पाऊस, एका खोलीत सहा टॅब एकदम बोलतायत. तिसरीतली एक मुलगी टॅब उभा धरून त्याच्या स्पीकरला कान लावून बसलेली, दुसरा कान तळहाताने दाबलेला. स्क्रीन गालाला चिकटलेली, त्यामुळे ऐकताना अक्षर दिसत नाही आणि अक्षर बघायला टॅब समोर धरला की ऐकू येत नाही. पाच मिनिटं ती असंच आलटून पालटून करत होती. मग टॅब शेजारच्याला देऊन टाकला आणि खिडकीतून बाहेर बघत बसली.

त्या संध्याकाळी सी-टाइप पोर्टला साधा हेडफोन जोडणारे कनेक्टर मागवले. पहिले दीडशेचे, त्यातून आवाजच येईना. या टॅबला डीएसी, म्हणजे डिजिटल सिग्नलचा आवाज करणारी चिप, आत असलेलाच कनेक्टर लागतो, हे पैसे गेल्यावर कळलं. मग साडेचारशेचे आणले, तेही दोनच. ते चालले. पण वीज गेल्यावर सोलरवर दुपारीच चार्जिंग उरकावं लागतं आणि तेव्हा पोर्ट अडकलेला. चार्जर काढ, कनेक्टर लाव, पुन्हा चार्जर, असं लहान हातांनी रोज चार-पाच वेळा. जानेवारीत दोन टॅबचे पोर्ट सैल झाले. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, ‘फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही, एकाचे अठराशे पडतील.’ अहो, एकाच पोर्टवर दोन कामं तुम्ही लादलीत, मग तो झिजला की दोष पोरांचा कसा? भांडलो, लेखी मागितलं, दिलं नाही. काल एक टॅब तसाच परत घेऊन आलो.

मधल्या काळात आमच्या मॅडमनी घरी पडलेला जुना फोन आणला. काच तडकलेली, पण जॅक शाबूत. शहाद्याहून दोनशेत एका जॅकला पाच हेडफोन जोडणारा स्प्लिटर आणि साधे पाच हेडफोन आणले. एक फोन मधे, भोवती अक्षर गटातली पाच मुलं, पाचही जणांच्या कानांना हेडफोन, पाचही बोटं बालभारतीच्या एकाच ओळीवर. पहिल्या दिवशी वर्गात इतकी शांतता झाली की पोषण आहाराच्या स्वयंपाकीण ताई दारात येऊन बघून गेल्या.

मग त्यांनाच बसवलं. पाठातली गोष्ट मी मराठीत सांगितली, त्यांनी ती पावरीत त्या फोनवर रेकॉर्ड केली. मुलं आधी ताईंचा आवाज ऐकतात, मग मराठी. अशा चौदा गोष्टी झाल्या आहेत. विकतच्या कुठल्याही ॲपपेक्षा या चौदा गोष्टींनी जास्त काम केलं. ती खिडकीतून बघत बसणारी मुलगी फेब्रुवारीअखेर शब्द गटात आली.

म्हणून माझं मत असं बदललं आहे: सहाच्या जागी जॅक असलेले दोन टॅब घ्या, उरलेल्या पैशात हेडफोन आणि स्प्लिटर घ्या. दुकानात डबा फोडायला लावून स्वतःची पिन घालून बघा.

होळीला गुजरातमधल्या ऊसतोडीवरून सात मुलं परत आली, चार महिने बुडालेली. त्यांच्यासाठी दुसरा स्प्लिटर घेतलाय. जॅकवाला जुना फोन कोणाकडे पडून असेल तर काच फुटलेली असली तरी चालेल, घाट उतरून मी न्यायला येतो.