अडीच लाख घ्यावेत, दावा लढावा की लोकअदालतीत मिटवावं? अपघातात जखमी झालेल्यांसाठी तुलना

अपघातानंतर घरी भेटायला येणाऱ्यांचे सल्ले दोन टोकांचे असतात. एक काका सांगतात, 'मिळतंय ते घ्या आणि मोकळे व्हा, कोर्टात चपला झिजतील.' दुसऱ्या कुणाच्या मेहुण्याचा वकील ओळखीचा असतो आणि तो पंचवीस लाखांचा आकडा फेकून गेलेला असतो. दवाखान्याची फाइल मात्र दोघांपैकी कुणीच उघडलेली नसते. आणि निर्णय बहुतेक वेळा त्या फाइलमधल्या एकाच गोष्टीवर ठरतो: शरीरात कायमचं काही उणं राहणार आहे का?

इथे फक्त जखमींबद्दल लिहितो आहे. मृत्यू झाला असेल तर वारसांचा हिशोब वेगळा होतो. शिवाय धडक देणारं वाहन सापडलेलं आहे आणि त्याचा थर्ड पार्टी विमा चालू आहे, असंही धरलं आहे. तसं नसेल तर काय, ते पुढे येईल.

दोन कलमं, दोन वेगळे सौदे

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली. तिच्यातला भरपाईचा भाग १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तेव्हापासून जखमी माणसासमोर मुख्य रस्ते दोन.

कलम १६४ खाली ठोक रक्कम मिळते. गंभीर दुखापतीला अडीच लाख, मृत्यूला पाच लाख. समोरच्याची चूक होती हे सिद्ध करावं लागत नाही. तुमचं वय, पगार, किती महिने घरी बसलात, यातलं काहीच मोजलं जात नाही. गवंडी असो की बँक मॅनेजर, अडीच लाख म्हणजे अडीच लाख.

कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर पूर्ण दावा चालतो. इथे चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. पण रकमेला वरची मर्यादा नाही. औषधोपचार, बुडालेली मजुरी, पुढची कमाई, वेदना, देखभालीचा खर्च, पुढच्या शस्त्रक्रिया असं सगळं मोजून 'न्याय्य' भरपाई ठरते.

यातली मेख अशी की कलम १६४ ची रक्कम कलम १४९ च्या प्रक्रियेनुसार एकदा स्वीकारली, की न्यायाधिकरणासमोरचा दावा संपतो. 'आत्ता हे घेतो, उरलेलं नंतर मागतो' अशी सोय कायद्याने ठेवलेली नाही.

'गंभीर दुखापत' हा शब्द भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ वरून लावला जातो. हाड मोडणं किंवा निखळणं, दात तुटणं, डोळा किंवा कान कायमचा निकामी होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, पंधरा दिवस तीव्र वेदना राहणं किंवा तेवढे दिवस रोजची कामं करता न येणं, हे सगळं त्यात येतं. चार टाके आणि मुका मार त्यात बसत नाही. तेव्हा कलम १६४ चा प्रश्नच नाही, मागायचं तर १६६ खालीच.

आकडे मांडले की चित्र फिरतं

दोन काल्पनिक माणसं घेऊ. दोघंही ३२ वर्षांचे, स्वतंत्र वायरमनचं काम करणारे, महिना २०,००० कमावणारे.

पहिल्याचं मनगट मोडलं. प्लास्टर झालं, हाड नीट जुळलं, दोन महिन्यांनी तो पुन्हा कामावर. दवाखान्याचा खर्च ६०,०००, बुडालेली कमाई ४०,०००. वेदना, प्रवास, खुराक यांचे मिळून पन्नासेक हजार धरले तरी कलम १६६ खाली बेरीज दीड लाखाच्या आसपास जाते, आणि तीही खटला चालवून. कलम १६४ खाली त्याला अडीच लाख मिळतात. याने कशासाठी लढायचं?

दुसऱ्याच्या मांडीचं हाड मोडलं, रॉड बसला आणि पाय थोडा आखूड झाला. शिडीवर चढणं आता जमत नाही. न्यायाधिकरणाने त्याच्या कमावण्याच्या क्षमतेत १५ टक्के कायमची घट मानली असं समजू. वर्षाची कमाई २,४०,०००. चाळिशीच्या आतल्या स्वतंत्र व्यावसायिकासाठी भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरले, की ३,३६,०००. त्याचे १५ टक्के म्हणजे ५०,४००. आता याला गुणकाने, म्हणजे वयानुसार ठरलेल्या वर्षांच्या आकड्याने गुणायचं; वय ३१ ते ३५ असेल तर गुणक १६. गुणाकार येतो ८,०६,४००. बिलं, सहा महिन्यांची बुडालेली कमाई, वेदनांची भरपाई आणि रॉड काढण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च हे अजून वेगळेच. याने अडीच लाखांवर सही केली तर तो निम्म्याहून कितीतरी जास्त रकमेवर पाणी सोडतो.

गुणकाचा हा तक्ता सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालातला आहे, भविष्यातील वाढीचे टक्के २०१७ च्या प्रणय सेठी निकालातले. जखमींसाठी त्याहून महत्त्वाचा निकाल २०१० चा, राजकुमार विरुद्ध अजय कुमार. डॉक्टरच्या दाखल्यावरची अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईतली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यात नीट उलगडून सांगितलं आहे. पाय ४० टक्के अधू असलेला कारकून पूर्वीइतकंच कमावू शकतो, तर तेवढ्याच पायाचा हमाल पूर्ण बेकार होऊ शकतो. म्हणून दाखला मिळाला की काम झालं असं नाही. तुमच्या कामात त्या अवयवाची काय गरज होती, ते पुराव्यात आलं पाहिजे. माझ्या मते जखमींच्या दाव्यात सर्वाधिक पैसा इथेच हरवतो.

पुरावा आणि वेळ

कलम १६६ चा पूर्ण डोलारा पोलिसांच्या कागदांवर उभा असतो: एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, वाहनांच्या तपासणीचा अहवाल, दवाखान्यातली एमएलसी (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची) नोंद. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तुमच्या बाबतीत तो गेला का, हे पोलीस ठाण्यात जाऊन विचारा. न विचारता सगळं वेळेवर होईल अशी आशा बाळगणारा माणूस सरकारी कचेरीत नवखा असावा.

पंचनाम्यात तुमची गाडी चुकीच्या बाजूला दिसत असेल, किंवा चौकात दोघांचीही घाई दिसत असेल, तर विमा कंपनी 'सहभागी निष्काळजीपणा' पुढे करते आणि तुमच्या वाट्याला येईल तेवढी टक्केवारी भरपाईतून कापली जाते. हेल्मेट नव्हतं, हाही मुद्दा काढला जातो. कागद असे दुबळे असतील तर दुसऱ्या उदाहरणातल्या माणसानेही पुन्हा गणित करायला हवं. आठ लाखांतून निम्मे गेले तरी चार उरतात. पण चूक मुळीच सिद्ध झाली नाही तर हाती शून्य. कलम १६४ ची खरी किंमत अशा प्रकरणांत कळते.

वेळेचं बोलायचं तर कलम १४९ नुसार विमा कंपनीच्या अधिकाऱ्याने ३० दिवसांत तडजोडीचा देकार द्यायचा असतो. तुम्ही मान्य केला की न्यायाधिकरण नोंद घेतं आणि पुढच्या ३० दिवसांत पैसे. नाकारला तर प्रकरण सुनावणीला लागतं. कलम १६६ ची सुनावणी वर्षांच्या हिशोबात चालते. साक्षीसाठी डॉक्टर मिळवणं हेच कधी कधी सगळ्यात अवघड काम ठरतं. या विलंबावर व्याज मिळतं, साधारण ६ ते ९ टक्के. म्हणजे उशिराचा तोटा काही प्रमाणात भरून निघतो. घरभाडं मात्र दर महिन्याला द्यावं लागतं. घरात दुसरी कमाई नसेल, तर कागदावर योग्य असलेला निर्णयही पेलवत नाही, हे मान्य करूनच ठरवावं.

मधली वाट: लोकअदालत

दावा कलम १६६ खाली दाखल करायचा आणि वैद्यकीय कागद पूर्ण झाले की लोकअदालतीत तडजोड करायची, ही वाट मला मध्यम दुखापतीच्या बहुतेक प्रकरणांत सर्वांत शहाणी वाटते. विमा कंपन्याही अपघाताचे दावे तिथे मिटवायला तयार असतात. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. तुम्हालाही नाही, कंपनीलाही नाही. हे दुसरं विसरू नका. न्यायाधिकरणात जिंकलेला निकाल कंपनी उच्च न्यायालयात नेऊ शकते आणि मग पुन्हा वाट पाहणं आलं.

तडजोडीत किती सोडावं? आधी वरच्यासारखा हिशोब स्वतः कागदावर मांडा. आपला आकडाच माहीत नसलेला माणूस समोरच्याच्या आकड्यावर खूश होतो. पुरावा पक्का असेल तर पाचवा हिस्सा सोडून लगेच पैसे घेणं मला वाजवी वाटतं. निम्म्यावर बोलावत असतील तर पुढची तारीख घ्यावी. मात्र उपचार चालू असताना तडजोड नको. रॉड अजून आत आहे, संसर्गाची भीती आहे, डॉक्टर 'बघू' म्हणताहेत, अशा वेळी केलेली सही महागात पडते, कारण पुढे निघालेल्या खर्चासाठी दुसरा दावा करता येत नाही.

तुलना जिथे लागूच होत नाही

गाडी तुमचीच, तुम्हीच चालवत होता आणि दुभाजकाला धडकलात, तर थर्ड पार्टी विम्यातून तुम्हाला काही मिळत नाही. तिथे मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा उपयोगी पडतो, पण तो मृत्यू, अवयव किंवा दृष्टी जाणं आणि कायमचं पूर्ण अपंगत्व यांसाठीच. साध्या फ्रॅक्चरला त्यातून दमडी मिळत नाही, हे अनेकांना अपघातानंतरच समजतं.

तुमच्या दुचाकीवर मागे बसलेली बहीण जखमी झाली आणि पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची असेल, तर कंपनी जबाबदारी नाकारते. पूर्ण पॅकेज पॉलिसीत मागचा प्रवासी येतो. प्रीमियममधला फरक भरताना हे कुणी समजावून सांगत नाही.

वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही, तर २०२२ च्या योजनेतून गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला दोन लाख मिळतात. त्यासाठी महसूल यंत्रणेकडे अर्ज करायचा असतो. वाहन सापडलं पण विमाच नव्हता, तर भरपाई मालकाकडून वसूल करावी लागते. त्याच्याकडे काय आहे ते आधी पाहा. एसटीने धडक दिली असेल तर महामंडळच समोर असतं.

कामावर असताना, समजा डिलिव्हरीच्या वा कंपनीच्या गाडीवर, अपघात झाला असेल तर कर्मचारी भरपाईचा कायदाही (नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे) लागू होऊ शकतो. पण कलम १६७ नुसार दोन्हींपैकी एकच निवडता येतो. कामगाराला तिथे चूक सिद्ध करावी लागत नाही, मात्र हिशोबात धरायच्या पगाराला मर्यादा असते.

यांना पर्याय समजू नका, हे जोडीला घ्या

मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमीवर नियुक्त रुग्णालयात पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार होण्याची केंद्राची योजना आहे. दाखल होतानाच विचारा. शेतकरी कुटुंब असेल तर राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अवयव किंवा डोळा गमावल्यास तिचा विचार करा. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जात असतील, तर ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना आहे. त्यात कायमच्या अंशतः अपंगत्वाला एक लाख आहेत.

मेडिक्लेमबद्दल मोठी भीती असते: तिथून बिल घेतलं तर दाव्यातून तेवढे पैसे कापतील का? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने मार्च २०२५ मध्ये सांगितलं की मेडिक्लेमची रक्कम वैद्यकीय खर्चाच्या भरपाईतून वजा करता येत नाही. ती तुमच्या हप्त्यांची कमाई आहे. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या दाव्यांना हा थेट आधार आहे. फक्त मेडिक्लेम कंपनी मूळ बिलं ठेवून घेते, म्हणून देण्याआधी रुग्णालयाकडून साक्षांकित प्रती घेऊन ठेवा.

सहा महिने

२०२२ पासून दाव्याचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. उपचार चालू आहेत म्हणून थांबण्याचीही गरज नाही. अर्ज आत्ता द्या, अपंगत्वाचा दाखला नंतर पुराव्यात येतो, आणि मागितल्यापेक्षा जास्त भरपाई देण्याचा अधिकारही न्यायाधिकरणाला आहे. अर्ज तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येतो. अपघात सोलापूर रस्त्यावर झाला म्हणून लातूरच्या माणसाने दर तारखेला सोलापूर गाठायला नको.

वॉर्डातच वकीलपत्रावर सही मागायला कुणी आला, तर त्याला पुढच्या आठवड्यात यायला सांगा. भरपाईच्या टक्केवारीवर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. ठरावीक रक्कम बोला, लिहून घ्या, आणि भरपाई थेट तुमच्या खात्यात यावी म्हणून बँकेचा तपशील अर्जासोबतच द्या.