नागपूर ते मुंबई गाडीने: समृद्धीने एका दिवसात की शेगावला मुक्काम?

आई-बाबा, मुलं आणि डिकीभर सामान घेऊन मुंबईला निघायचं ठरलं की आमच्या घरी हा प्रश्न निघतोच. दोन्ही करून पाहिलंय, म्हणून लिहितो.

समृद्धी महामार्ग नागपूरजवळच्या शिवमडक्याहून निघतो आणि ७०१ किलोमीटरवर भिवंडीजवळच्या आमण्याला संपतो. ५ जून २०२५ ला इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाटही टळतो. कारला १२० ची मर्यादा, दुचाकी-रिक्षांना बंदी. सरकारी हिशेब आठ तासांचा. म्हातारी माणसं सोबत असतील तर दहा-अकरा धरा.

या रस्त्याला भ्यायचं ते झोपेसाठी. कारंजा मागे पडलं की स्टिअरिंग हलवायचं कामच उरत नाही. ना वळण, ना गाव, ना समोरून येणारी गाडी. माझा डोळा लागला होता, दोनच सेकंद. मागून आईने हाक मारली म्हणून वाचलो. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ माणसं गेली, तीही रात्री दीडच्या सुमारास. रात्री या रस्त्यावर कुटुंब घेऊन जाऊच नका. आणि टायर गुळगुळीत झाले असतील तर मे महिन्यात त्या तापलेल्या काँक्रीटवर गाडी घालू नका. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा, दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच.

जुना रस्ता कोंढाळी, तळेगाव, अमरावती, अकोला असा. ट्रक, ट्रॅक्टर, मध्येच आडवी येणारी गुरं, वेळ जातो. पण डोळे उघडे राहतात. बाबांना दर तासाला उतरावं लागतं, तिथे हा रस्ता सोन्यासारखा, कुठेही धाबा सापडतो. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या समाधीपाशी पाय मोकळे करता येतात. अमरावती-अकोल्याच्या मधला, २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर टाकून विक्रम झालेला पट्टाही याच वाटेवर. साधारण तीनशे किलोमीटरवर शेगाव: गरम कचोरी, गजानन महाराजांचं दर्शन, रात्रीची झोप.

दुसऱ्या दिवशी भुसावळ-धुळ्याकडे वळू नका, तो वळसा जिवावर येतो. खामगावहून मेहकरला येऊन तिथे समृद्धी धरा. उरतात साधारण चारशे किलोमीटर, आणि टोल तेवढ्याच अंतराचा लागतो.

गाडी चालवणारे दोघं असाल तर खुशाल समृद्धीने एका दिवसात जा. पहाटे पाचला निघा, म्हणजे दुपारपर्यंत ऊन पाठीमागे राहतं. उशीर केलात तर शिर्डीनंतर ते थेट डोळ्यांत येतं. दर दोन तासांनी चालक बदला, झोप आलेली नसली तरी.

चालवणारा एकटाच असेल तर मी शेगावच सांगेन. फक्त गुरुवार टाळा, त्या दिवशी तिथे गर्दी फार असते.