‘द जनरल्स डॉटर’ की ‘द नाइट ऑफ द जनरल्स’: आधी कोणती वाचावी?

लष्करातल्या खुनावरची रहस्यकादंबरी सुचवा म्हटलं की ही दोन नावं हमखास पुढे येतात. नेल्सन डेमिलची ‘द जनरल्स डॉटर’ (१९९२) आणि हान्स हेलमुट किर्स्टची ‘द नाइट ऑफ द जनरल्स’ (मूळ जर्मन, १९६२). दोन्हींबद्दल वाचकांची मतं अगदी टोकाची आहेत. एकजण सांगतो की रात्र जागून संपवली, दुसरा सांगतो की शंभर पानांतच मिटून ठेवली. मी दोन्ही वाचल्या आहेत आणि दोन्हींवरच्या तक्रारींत तथ्य आहे, असं माझं मत झालंय. प्रश्न एवढाच, की त्यातली कोणती तक्रार तुम्हाला जास्त खुपेल. खुनी कोण हे खाली कुठेही फोडलेलं नाही, निर्धास्त वाचा.

डेमिलची सुरुवात जबरदस्त आहे, हे तिच्यावर नाराज असलेलेही कबूल करतात. जॉर्जियातला फोर्ट हॅडली हा काल्पनिक लष्करी तळ. रात्रपाळीवर असलेली कॅप्टन अॅन कॅम्पबेल पहारे तपासायला गाडी घेऊन निघते आणि रायफल रेंजवर मृतावस्थेत सापडते. हातपाय तंबूच्या खुंट्यांना बांधलेले, गळ्याभोवती दोर. तिचे वडील त्याच तळाचे प्रमुख, आखाती युद्धातून नाव कमावून आलेले लेफ्टनंट जनरल. तपास येतो लष्कराच्या गुन्हे अन्वेषण विभागातल्या पॉल ब्रेनरकडे. जोडीला सिंथिया सनहिल. या दोघांचं ब्रसेल्समध्ये एकेकाळी प्रेमप्रकरण झालेलं.

या पुस्तकाची खरी ताकद लष्करी उतरंडीच्या तपशिलात आहे. ब्रेनर वॉरंट ऑफिसर, म्हणजे धड जवानांत नाही आणि धड अधिकाऱ्यांतही नाही. त्याने कर्नलला खुर्चीत बसवून प्रश्न विचारायचे आणि कर्नलने अदब सांभाळत टाळायचे, हा खेळ डेमिलने फार बारकाईने रंगवलाय. तो स्वतः व्हिएतनाममध्ये पायदळात लेफ्टनंट होता, ते पानापानांत जाणवतं. देवळाली, खडकीसारख्या छावणीच्या गावात ज्यांचं लहानपण गेलंय, त्यांना यातलं क्वार्टर्सचं आणि ऑफिसर्स क्लबचं वातावरण लगेच ओळखीचं वाटेल. कोणाच्या बंगल्यावर कोण जातं हे सगळ्यांना माहीत असतं आणि बोलत मात्र कोणीच नाही, ही तळावरची चुप्पी त्याने अचूक पकडली आहे.

मग अडतं कुठे? माझं अडलं ब्रेनरच्या तोंडापाशी.

हा माणूस गप्प बसत नाही. सगळी कादंबरी त्याच्याच ‘मी’मधून येते, त्यामुळे वाचकाची सुटका नाही. रेंजवर पहाट होतेय, समोर एका तरुण बाईचं प्रेत खुंट्यांना बांधलेलं आहे, आणि याची सिंथियाशी जुन्या प्रकरणावरून टोलेबाजी चाललेली. प्रश्न विचारला की शेरा, उत्तर मिळालं की शेरा, काहीच मिळालं नाही तरी शेरा. अनेक वाचकांना नेमकं हेच आवडतं, हे मी मान्य करतो. रोज प्रेतं पाहणारा माणूस असाच बोलणार, विनोद हे त्याचं चिलखत, असं ते म्हणतात. त्यात तथ्य असेलही. पण माझा अनुभव असा, की त्या शेऱ्यांनी दर वेळी प्रसंगातली हवा काढून घेतली. समोरचा कर्नल काहीतरी लपवतोय, घाबरलाय, आपण कान टवकारतो, आणि तेवढ्यात ब्रेनर स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन बसतो. भीती कर्नलची असते, तिचं काही होतच नाही.

आणि हे सगळ्यात जास्त लागतं अॅनच्या बाबतीत. वेस्ट पॉइंटमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी अकादमीत, मुलींना प्रवेश १९७६मध्ये मिळाला. कॅडेट म्हणून अॅन तिथे होती तेव्हा मुलींसाठी ती जागा अजून नवीच होती. तिच्या वागण्याचं मूळ तिच्या तिथल्या दिवसांत आहे आणि ते कळतं तेव्हा पोटात तुटतं. एवढं मोठं दुःख हाताशी असताना कादंबरीचा बराच भाग तिच्या खाजगी आयुष्यात डोकावण्यात जातो, तोही बायकांकडे विशिष्ट नजरेने पाहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांतून. आमच्या वाचनगटात पुस्तक फिरलं तेव्हा नव्वदीच्या दशकात वाचलेल्यांना हे फारसं खुपलं नव्हतं. आत्ता पहिल्यांदा वाचणाऱ्या, त्यातही मुली, मात्र वैतागल्या होत्या. एकीने तर अॅनबद्दल पुढे काय कळतं तेवढं मला विचारून घेतलं आणि पुस्तक परत दिलं. शेवटाकडे जनरल समोर बसलेले असताना ब्रेनर बरंच आवरतं घेतो, आणि ती पानं या पुस्तकातली सर्वोत्तम आहेत. तो आधीपासून असाच बोलला असता तर, हे मनातून जात नाही.

किर्स्टच्या पुस्तकावरच्या तक्रारी अगदी वेगळ्या. थंड आहे. जीव लावावा असं कोणी भेटत नाही. मधे जनरलची बायको, मुलगी आणि मुलीचं प्रेम यात पाल्हाळ लागतं. आणि सगळ्यात मोठी तक्रार, खुनी फार लवकर ओळखू येतो. शेवटच्या पानापर्यंत ‘कोण, कोण’ करत राहण्यासाठीच जे रहस्यकथा वाचतात, त्यांची निराशा होऊ शकते. हे आधीच सांगितलेलं बरं.

कथा अशी. १९४२ सालचं जर्मनव्याप्त वॉर्सा. एका वेश्येचा अमानुष खून होतो. लपून बसलेल्या एका साक्षीदाराला दाराच्या फटीतून मारेकऱ्याचा चेहरा दिसत नाही, दिसते फक्त पँटवरची लाल पट्टी. जनरलांच्या गणवेशावरच्या त्या पट्टीवरून माग त्यांच्यापर्यंत पोचतो. तीन जनरल असे निघतात, की त्या रात्री ते कुठे होते याचा पत्ता नाही: फॉन झायडलिट्झ-गाबलर, कालेनबेर्ग आणि टान्झ. मेजर ग्राऊ नावाचा अधिकारी या तिघांना तो साधा प्रश्न विचारायचं ठरवतो.

ज्या शहरातून त्याच वर्षी लाखो ज्यूंना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत पाठवलं जात होतं, त्या शहरात हा प्रश्न विचारला जातोय, ही किर्स्टची मेख आहे. वस्तीच्या वस्ती उद्ध्वस्त करायला लावणाऱ्या सेनानीला एका बाईच्या खुनाबद्दल जाब विचारता येतो का? ग्राऊला वाटतं की येतो, यायलाच हवा. आजूबाजूच्यांना त्याचं हे वेड परवडत नाही. पुढे १९४४चं पॅरिस. तेच तीन जनरल पुन्हा एका शहरात, आणि तसाच खून. तोही जुलैत, हिटलरला मारण्याचा कट फसला त्या दिवसांत. २० जुलैच्या त्या रात्री पॅरिसमधल्या जर्मन सैन्याने स्वतःच्याच एसएसवाल्यांना (नाझी पक्षाच्या सशस्त्र दलातल्यांना) पकडून ठेवलं होतं आणि हिटलर जिवंत आहे हे कळल्यावर सोडून दिलं होतं. इतिहासातला हा गोंधळ किर्स्टने तपासाच्या आड असा काही आणलाय, की खुनाचा धागा कुठे सुटतो आणि का सुटतो हे पटत जातं. शेवटचा भाग १९५६मध्ये ड्रेस्डेनला घडतो.

मधून मधून जबाब, पत्रं, नोंदी असे तुकडे येतात. बरेचजण तिथे अडखळतात. मला ते फार आवडले, कारण वर्षांनंतर बोलणारा प्रत्येकजण आपली कातडी वाचवून बोलतोय हे त्यातून आपोआप कळतं. लेखकाला वेगळं सांगावं लागत नाही. किर्स्ट स्वतः युद्ध संपेपर्यंत जर्मन सैन्यात होता. या माणसांची भाषा त्याने आतून ऐकलेली आहे.

टवाळी किर्स्टही करतो, चिक्कार करतो. पण त्याचा रोख जनरलांवर असतो: त्यांच्या जेवणावळींवर, सोयीने बदलणाऱ्या निष्ठेवर, बायकोला भिणाऱ्या सेनापतीवर. मेलेल्या बाईच्या वाटेला ती कधी जात नाही. ब्रेनरने कंटाळून गेलेल्या माझ्यासारख्या वाचकाला हा फरक फार मोठा वाटला. किर्स्टच्या स्त्रिया ठसठशीत आहेत असं मात्र नाही. मारल्या गेलेल्या बायकांना तो जेमतेम काही पानं देतो, आणि त्या बाबतीत डेमिलची अॅन कितीतरी जास्त लक्षात राहते.

तर ज्यांना वेग हवा, खटकेबाज संवाद हवेत, लांबच्या रेल्वेप्रवासात वेळ कसा गेला ते कळू नये असं पुस्तक हवं, त्यांनी डेमिल खुशाल घ्यावं. जाडजूड असलं तरी भराभर वाचून होतं. ब्रेनर तुम्हाला आवडला तर ‘अप कंट्री’ (२००२) आहेच. त्यात तो व्हिएतनामला परत जातो, एका अमेरिकन अधिकाऱ्याच्या जुन्या खुनाचा शोध घ्यायला. तोंड तसंच सुटलेलं आहे, पण तिथे त्याचं स्वतःचं युद्ध समोर उभं राहत असल्याने मला ते बरंच सुसह्य झालं.

बाकीच्यांनी माझं ऐकायचं तर किर्स्टपासून सुरुवात करावी. जे. मॅक्सवेल ब्राउनजॉनचा इंग्रजी अनुवाद चांगला वाहता आहे. पहिल्या काही प्रकरणांत नावांची गर्दी होते. तिघं जनरल, त्यांचे हाताखालचे लोक आणि हार्टमान हा तरुण सैनिक, एवढी नावं एका चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवलीत की काम भागतं. हार्टमानकडे विशेष लक्ष असू द्या. पॅरिसमध्ये सक्तीच्या रजेवर असलेल्या जनरलला शहर दाखवायचं काम त्याच्यावर येतं, आणि जनरल व त्याचा ड्रायव्हर झालेला हार्टमान एकत्र असलेली ती प्रकरणं वाचताना खुनी आधीच ओळखलाय की नाही याने काही फरक पडत नाही. पीटर ओटूल आणि ओमर शरीफ यांचा १९६७चा चित्रपट पुस्तक संपल्यावरच पाहा. त्यात शेवटचा भाग ड्रेस्डेनऐवजी हॅम्बुर्गला नेलाय, आणि कोणता नट कोणत्या भूमिकेत आहे हे पाहिलं की संशय घ्यायला फारसं काही उरत नाही.