फोटो बूथच्या प्रिंटरपायी ३२,७२० रुपये गेले

बहिणीच्या लग्नात फोटो बूथ, म्हणजे पाहुण्यांचा फोटो काढून तिथंच छापून देणारं खोकं, भाड्यानं घ्यायचा तर चार तासांचे २५,००० सांगत होते. मी वायरमन, सुतारकामही येतं, म्हटलं आपणच बनवू. १८ मिमी प्लायचं उभं खोकं, मधोमध बिजागऱ्या, म्हणजे दुमडून गाडीत बसेल. आत जुना डीएसएलआर कॅमेरा, रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक, एलईडी पट्ट्या. महिनाभर रात्री जागून सगळं उभं केलं. अडलं प्रिंटरवर. इंकजेटला वेळ लागतो, पाहुण्यांची रांग तुंबते. डाय-सब्लिमेशनवालाच हवा, म्हणजे उष्णतेनं रंग कागदावर उतरवणारा, ४ बाय ६ ची कोरडी प्रिंट बारा-तेरा सेकंदांत हातात.

नवा परवडत नव्हता. जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत इंदूरचा एक 'स्टुडिओवाला' सापडला. धंदा बंद करतोय, ३८,००० ला देतो म्हणाला. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. पण मी डोळे मिटून पैसे पाठवले नाहीत. जीएसटी नंबर मागितला, सरकारी पोर्टलवर टाकला, स्टुडिओचं नाव बरोबर आलं. नंबर खरा, स्टुडिओ खरा, हा माणूस मात्र तिथला नव्हता. व्हिडिओ कॉलवरच वस्तू चालू करून दाखवायला सांगा, शेजारी तुमचं नाव लिहिलेला कागद धरायला लावा. मला त्यानं आधी काढलेला व्हिडिओ पाठवला आणि मी तो चारदा पाहिला.

१०,००० आगाऊ दिले. यूपीआयवर भलत्याच बाईचं नाव आलं. "अकाउंटंट मॅडम आहेत," म्हणाला. नाव जुळत नसेल तर तिथंच थांबा, कारण काहीही सांगू दे. दुसऱ्या दिवशी कुरिअरच्या पावतीचा फोटो आला आणि मी १८,००० पाठवले.

त्या पावतीवर वजन होतं ३.२ किलो.

प्रिंटर १४ किलोचा. हे मला माहीत नव्हतं असं कोणत्या तोंडानं म्हणू? त्या १४ किलोंसाठीच आतल्या फळीला खालून अँगल मारले होते, वाळूचं पोतं ठेवून ती रात्रभर तपासली होती. पावतीवर मी फक्त तारीख पाहिली, हळदीच्या आधी पोचेल का एवढंच. नऊ दिवस उरले होते. पत्रिका वाटत फिरत होतो, कराडच्या स्टँडवर उभ्या उभ्या पैसे पाठवले. आजही रात्री ती पावती उघडतो आणि त्या आकड्याकडे बघत बसतो.

मग 'ट्रान्झिट इन्शुरन्स', ४,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,७२०, डिलिव्हरीनंतर परत म्हणे. तेही दिले. आणखी ६,५०० मागितले तेव्हा कुठे कुरिअरच्या ऑफिसला फोन लावला. पावतीवरचा नंबर दुसऱ्याच कोणाच्या कपड्यांच्या पार्सलचा निघाला.

१९३०, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन, लगेच लावला. ४० मिनिटांनी लागला, तक्रार क्रमांक मिळाला. लावाच, पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत गोठले तर गोठले. पोलीस ठाण्यात गेलो तर "सायबरला जा". सायबरला गेलो तर "रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यातच द्या". ठाण्यात परत, तर "आरोपी इंदूरचा, तिकडे जा". १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठंही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात तक्रार घ्यावी लागते. हे मी तोंडावर सांगितलं. साहेब म्हणाले, "मग वकीलच व्हा." बहिणीच्या लग्नाच्या आठवड्यात मी तीन दिवस त्या बाकावर काढले. बँकेचं उत्तर एका ओळीचं, पिन तुम्हीच टाकलात. त्या बाईच्या खात्यात २,१४० रुपये गोठलेत, ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. वायरमनची दिवसाची मजुरी बुडवून किती फेऱ्या मारायच्या? माझे ३२,७२० यांना लहान वाटतात, आईनं त्यातले १२,००० भिशीचे दिले होते.

लग्नात बूथ लावला, फोटो पाहुण्यांच्या मोबाइलवर पाठवले. प्रिंटरची फळी रिकामी होती, तिच्यापुढं आईनं फुलांची माळ लावली.

तीच जाहिरात मागच्या आठवड्यात पुन्हा दिसली, या वेळी नाशिकच्या नावानं, किंमत ३५,०००. फोटो तेच आहेत. प्रिंटरच्या डाव्या कोपऱ्यावर निळी चिकटपट्टी आणि मागं हिरवा पडदा. लग्नसराईत कोणी प्रिंटर शोधत असेल तर हा फोटो दिसल्यावर एक रुपयाही पाठवू नका.